पाच फूट पाच इंच

हेडिंग्ले हे नाव आपल्याला माहीत असतं ते क्रिकेटमुळे. १९९२ साली यॉर्कशायर काउंटीने आपला जुना हट्ट सोडला आणि पहिल्यांदाच परदेशी खेळाडू घेतला, तो आपला एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर. पुढे दहा वर्षांनी, २००२च्या ऑगस्टमध्ये, याच मैदानावर त्याने १९३ धावा काढल्या आणि भारताने इंग्लंडला डावाने हरवलं. त्या कसोटीच्या आठवणी सांगणारे लोक आजही भेटतात. पण हेडिंग्लेला दुसरी एक बाजू आहे. क्रिकेटच्या मैदानाला पाठ लावून तिथे रग्बी लीगचं मैदान आहे, आणि मधला स्टँड दोघांचा मिळून एकच. काही खुर्च्यांची तोंडं खेळपट्टीकडे, काहींची पलीकडच्या गोलखांबांकडे. सचिन अलीकडे शतक ठोकत होता तेव्हा पलीकडच्या क्लबात एकोणीस वर्षांचा एक मुलगा नुकताच पाय रोवत होता. त्याचं नाव रॉब बरो. उंची बरोबर सचिनएवढीच, पाच फूट पाच इंच.

क्रिकेटमध्ये या उंचीने काही अडत नाही. गावसकरांपासून सचिनपर्यंत आपण हे पाहिलेलं आहे. रग्बी लीगमध्ये मात्र याच उंचीवर माणसाला दारातूनच परत पाठवतात, आणि त्यांचंही फार चुकतं असं नाही. समोरून शंभर-एकशेदहा किलोंचा गडी पूर्ण वेगात तुमच्या अंगावर येतो. हेल्मेट नाही, अंगावर चिलखत नाही. त्याला तुम्ही हातांनी धरून खाली पाडायचं असतं, आणि हे एका सामन्यात वीस-पंचवीस वेळा.

लीड्समध्ये राहायला आल्यावर हा खेळ मला समजावला तो आमच्या शेजारच्या आजोबांनी. मूळचे कॅसलफर्डचे, आयुष्य कोळशाच्या खाणीत गेलेलं. मी आधी हा खेळ आणि रग्बी युनियन एकच समजत होते, तेव्हा त्यांनी खुर्चीत सरसावून बसत मला १८९५ सालापासून सुरुवात करून दिली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी बैठक घेतली आणि वेगळी चूल मांडली. भांडण साधं होतं. शनिवारी खेळायचं म्हणजे खाणीतली किंवा गिरणीतली पाळी बुडवायची, आणि पाळी बुडाली की मजुरी बुडाली. ती भरून द्या, एवढीच मागणी. दक्षिणेतल्या खाऊनपिऊन सुखी मंडळींना ती मान्य नव्हती. म्हणून हा खेळ जन्मापासूनच कामगारांचा. पुढे माणसं पंधराची तेरा झाली, नियम बदलत गेले, पण त्या जुन्या मागणीचा अभिमान आजोबांच्या आवाजात अजून ताजा होता.

नियम समजायला मला कबड्डी उपयोगी पडली. एकजण चेंडू घेऊन समोरच्या भिंतीत घुसतो, तीन-चार जण मिळून त्याची पकड करतात. फरक असा की इथे पकड झाली म्हणजे गडी बाद होत नाही. त्याने उठायचं, चेंडू जमिनीवर ठेवायचा, पायाने मागे सरकवायचा आणि खेळ पुढे चालू. अशा सहा पकडी होईपर्यंत चेंडू तुमच्याकडे राहतो, मग समोरच्यांची पाळी. जो जितका लवकर उठेल तितकी समोरची फळी विस्कळीत सापडते, कारण प्रत्येक पकडीनंतर बचाव करणाऱ्यांना दहा मीटर मागे हटावं लागतं. पडणं सगळ्यांच्याच वाट्याला येतं. सामने जिंकले जातात ते उठण्याच्या वेगावर.

रॉबचा जन्म २६ सप्टेंबर १९८२चा, पाँटेफ्रॅक्टचा. पाँटेफ्रॅक्ट, कॅसलफर्ड, फेदरस्टोन हा सगळा कोळशाचा पट्टा, आणि या छोट्या गावांनी जगाला पुरतील एवढे रग्बी लीगचे खेळाडू दिले. तो फेदरस्टोन लायन्स या स्थानिक क्लबात खेळत मोठा झाला. लहानपणापासून प्रत्येक पायरीवर त्याला एकच ऐकवलं गेलं, पोरगा चांगला आहे, पण फार छोटा आहे. लीड्स ऱ्हायनोजने त्याला घेतलं, २००१ साली पहिल्या संघात उतरवलं, आणि त्याच हंगामात तो सुपर लीगचा, म्हणजे या खेळाच्या सर्वांत वरच्या स्पर्धेचा, सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरला. त्यानंतर सतरा हंगाम तो त्या एकाच क्लबकडून खेळला. सामने जवळपास पाचशे. अंगावर सात नंबरची जर्सी.

हे सतरा हंगाम मला फार महत्त्वाचे वाटतात, कारण हल्ली त्याचं नाव निघालं की गोष्ट २०१९ सालच्या आजारापासून सुरू होते आणि आजारातच संपते. त्याच्याविषयी वाचणाऱ्या कितीतरी लोकांनी त्याला खेळताना एकदाही पाहिलेलं नसतं. सहानुभूतीपोटी का होईना, यात एका कसबी खेळाडूवर अन्याय होतो. पुढे आजारपणात जे दिसलं, ते सगळं त्याने मैदानावर कमावलेलं होतं.

आजोबा मला म्हणायचे, "त्याच्याकडे बघू नकोस गं, त्याला धरायला आलेल्यांच्या पायांकडे बघ." मी तसं बघायला लागले आणि खेळच बदलला. मोठ्या अंगाच्या माणसाला दिशा बदलायला वेळ लागतो. वजन एका पायावर पडलेलं असलं की त्या बाजूला तो वळू शकत नाही, निदान अर्धा सेकंद तरी नाही. रॉब तो अर्धा सेकंद शोधत असायचा. सरळ धावत येई, समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते बघे आणि नेमका त्याच बाजूने निसटे. लोक म्हणायचे विजेसारखा वेगवान आहे. वेगवान तो होताच, पण त्याहून जास्त त्याची नजर होती. बुटकेपणाचाही तो उपयोग करून घ्यायचा. उंच माणसाला त्याला धरायला वाकावं लागे, आणि वाकणारा माणूस तोल सावरण्यात गुंततो.

बचावात याची उलटी बाजू. समोरचे संघ मुद्दाम आपले सर्वांत धिप्पाड गडी त्याच्याच अंगावर सोडायचे, भिंतीतली कच्ची वीट तीच असं समजून. रॉब खाली वाकून त्यांच्या पायांना मिठी मारायचा. कधी फरफटत जायचा, पण सोडायचा नाही. दोन-तीन वेळा असं झालं की तो प्रश्न मैदानावरून आपोआप मिटायचा. टाळ्या मात्र पळण्याला जास्त मिळतात आणि धरून ठेवण्याला कमी, हे सगळ्याच खेळांत आहे.

२००४ साली लीड्सने ब्रॅडफर्डला १६-८ने हरवून विजेतेपद मिळवलं. त्याआधीचं विजेतेपद १९७२चं, म्हणजे बत्तीस वर्षं एक अख्खी पिढी वाट बघत राहिली होती. २००७च्या अंतिम सामन्यात सेंट हेलन्सचा ३३-६ असा फडशा पाडला तेव्हा रॉबला सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून हॅरी संडरलँड करंडक मिळाला. एकूण आठ विजेतेपदं, दोन चॅलेंज कप, तीन वेळा क्लबांचं विश्वविजेतेपद. याशिवाय इंग्लंड आणि ग्रेट ब्रिटन यांच्या संघांकडूनही तो खेळला.

मधला एक काळ कठीण गेला. नव्या प्रशिक्षकांच्या आखणीत तो पहिल्या तेरांत बसेना. राखीव खेळाडूंच्या बाकावर बसायचं, सामना अर्ध्यावर आला की उतरायचं, तेही सात नंबरच्या जुन्या जागी नाही तर हूकर म्हणून. तिशीकडे झुकलेल्या, सगळं जिंकून बसलेल्या कुठल्या खेळाडूला हे आवडेल? क्लब बदलणं हा सोपा रस्ता होता आणि तो घेतला असता तर कुणी नावं ठेवली नसती. तो तिथेच राहिला आणि बाकावरून उतरून काय करता येईल ते शोधू लागला. हूकर पकडीनंतरचा मागे सरकवलेला चेंडू उचलतो. समोरचे तेव्हा दमलेले असतात, मागे हटत असतात, कुणाची पाठ वळलेली असते. अशा क्षणी ताज्या दमाचा रॉब बरो चेंडूशी वाकलेला दिसणं ही बचाव करणाऱ्यांसाठी चांगली बातमी नव्हती.

याचा पुरावा म्हणजे २०११ची अंतिम लढत. ओल्ड ट्रॅफर्ड, समोर पुन्हा सेंट हेलन्स. लीड्स त्या वर्षी गुणतक्त्यात पाचवे. तिथून कुणी विजेतेपदापर्यंत पोचेल असं कुणी म्हटलं नसतं. पहिल्या अर्धातच एक पकड झाली, चेंडू मागे आला, रॉबने तो उचलला. आजूबाजूला देण्यासारखं कुणी नव्हतं, किंवा असेलही, त्याने दिला नाही. दोघं धरायला आले तेव्हा तो त्यांच्या हातांखालून वाकून गेला, अक्षरशः खालून, जणू वाटेत कुणीतरी दोर बांधला आहे. मग मोकळं मैदान, आणि शेवटी फक्त फुलबॅक पॉल वेलेन्स. हा काही नवशिका नव्हता, त्या काळातला अत्यंत भरवशाचा बचावपटू. रॉबने वेग किंचित कमी केला. मला वाटतं सगळी जादू या किंचितमध्ये आहे. वेलेन्स थबकला, वजन टाचांवर आलं, आणि रॉब बाजूने निघून गेला. ट्राय झाला, म्हणजे समोरच्यांच्या रेघेपलीकडे त्याने चेंडू टेकवला, तेव्हा समालोचकांचे आवाज फाटले होते.

दुसऱ्या अर्धात सेंट हेलन्स १६-८ असे पुढे गेले होते. लीड्सने सामना ३२-१६ असा जिंकला. हॅरी संडरलँड करंडक पुन्हा रॉबला मिळाला, आणि या वेळी मत देणाऱ्या सगळ्यांनी एकमुखाने त्याचंच नाव घेतलं. बाकावरून उतरलेल्या माणसाचं! पुढच्या वर्षी लीड्स पुन्हा पाचवे आले आणि पुन्हा जिंकले.

२०१५च्या नाताळानंतरच्या पुरात एअर नदीचं पाणी क्लबच्या कर्कस्टॉलमधल्या सरावाच्या जागेत शिरलं. कॅप्टन केव्हिन सिनफील्डसह मोठे खेळाडू त्याआधीच निघून गेले होते. २०१६चा हंगाम वाईट गेला, खालच्या श्रेणीत घसरण्याची वेळ आली. २०१७मध्ये तोच संघ पुन्हा अंतिम सामन्यात होता. कॅसलफर्डला २४-६ने हरवलं, आणि रॉबने तिथेच बूट काढले. आजोबा मूळचे कॅसलफर्डचे, त्यामुळे त्या रात्री ते फार बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "हरायचंच होतं तर त्या पोराच्या शेवटच्या सामन्यात हरलो, हे बरं झालं."

दोन वर्षांनी, डिसेंबर २०१९मध्ये, बातमी आली की रॉबला मोटर न्यूरॉन डिसीज झाला आहे. वय सदतीस. मेंदूकडून स्नायूंना निरोप पोचवणाऱ्या चेतापेशी या आजारात एकामागून एक मरत जातात. हात, पाय, बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. बुद्धी बहुतेकांची शाबूत राहते, म्हणजे काय चाललं आहे ते माणसाला सगळं कळत असतं. स्टीफन हॉकिंग यांच्यामुळे आपण हा आजार ओळखतो, पण हॉकिंग दशकानुदशकं जगले, तसं फार थोड्यांच्या नशिबी असतं. बरा करणारं औषध नाही. ज्या माणसाचं सगळं कसब शरीराच्या अर्ध्या सेकंदात होतं, त्याचं शरीर आता रोज थोडं थोडं त्याच्या हातून जाणार होतं.

निदान झाल्याबरोबर तो डॉडी वेअरला भेटला. वेअर स्कॉटलंडचा रग्बी युनियनचा खेळाडू, हाच आजार झालेला, आणि आजाराविरुद्ध पैसा उभारण्याचं काम आधीच अंगावर घेतलेला. मग जानेवारी २०२०मध्ये हेडिंग्लेवर ब्रॅडफर्डविरुद्ध सामना ठेवला गेला. मैदान तुडुंब. शेवटच्या काही मिनिटांसाठी रॉब स्वतः उतरला. समोरच्यांनी त्याला सांभाळून घेतलं असणार, पण तो मात्र चेंडू मागत होता.

घर सांभाळलं ते त्याची बायको लिंडसी हिने. पंधरा-सोळा वर्षांच्या असल्यापासून दोघं एकमेकांना ओळखत होती. ती फिजिओथेरपिस्ट, सरकारी आरोग्यसेवेत नोकरीला. तीन लहान मुलं. नवऱ्याला भरवायचं, उचलायचं, अंघोळ घालायची, मुलांची शाळा, स्वतःची नोकरी. आपल्याकडे मोठं आजारपण घराबाहेर कळू देत नाहीत. निदान माझ्या लहानपणी तरी आतल्या खोलीचं दार लोटलेलं असायचं, आणि आतल्या माणसाला काय हवं आहे हे विचारण्यापेक्षा बाहेरच्यांना काय वाटेल याचीच काळजी मोठी असायची. रॉबने दार उघडं ठेवलं, कॅमेरे घरात येऊ दिले. वजन उतरलेला, मान न सावरणारा रॉब बरो सगळ्या इंग्लंडने पाहिला. देखणा, चपळ खेळाडू म्हणून लोकांच्या आठवणीत राहिलेल्या माणसाने स्वतःचं हे रूप दाखवायला तयार होणं मला त्या २०११च्या ट्रायपेक्षा कठीण वाटतं. आवाज गेला तेव्हा तो डोळ्यांनी पडद्यावरची अक्षरं निवडून बोलू लागला. यंत्रात आवाज त्याच्याच जुन्या ध्वनिमुद्रणांवरून बांधलेला होता, यॉर्कशायरच्या हेलासकट. २०२२च्या डिसेंबरमध्ये बीबीसीच्या मुलांच्या वाहिनीवर त्याने त्याच आवाजात झोपण्यापूर्वीची गोष्ट वाचली.

आणि केव्हिन सिनफील्ड. रॉबचा कॅप्टन, ओल्डहॅमचा, मोजकं बोलणारा माणूस. रॉबच्या सात नंबरासाठी तो डिसेंबर २०२०मध्ये सात दिवसांत सात मॅरेथॉन धावला. उद्दिष्ट ठेवलं होतं ७७,७७७ पौंड. जमले वीस लाखांच्या वर. पुढच्या वर्षी लेस्टर ते लीड्स हे १०१ मैलांचं अंतर चोवीस तासांत. त्याच्या पुढच्या वर्षी एडिंबरा ते मँचेस्टर. मला सुरुवातीला यातलं धावणं हा देखावा वाटायचा. पैसे द्यायचेच तर माणसाने चाळिशीत पायांचे हाल कशाला करायचे, असं मी आजोबांना विचारलंही होतं. त्यांनी उत्तर दिलं ते खाणीतल्या माणसाचं. खाली कुणी अडकला असेल तर वर उभं राहून पैसे मोजत नाहीत, खाली उतरतात.

१४ मे २०२३ला लीड्समध्ये रॉबच्या नावाने पहिली मॅरेथॉन झाली. सिनफील्डने रॉबची खुर्ची पुढे धरून सगळी शर्यत ढकलत पार केली. लिंडसीही त्या दिवशी धावली. हेडिंग्लेवर शेवटची रेघ काही पावलांवर राहिली तेव्हा सिनफील्ड थांबला. पट्टे सोडले, रॉबला दोन्ही हातांवर उचललं, रेघ पार केली आणि त्याच्या गालाचं चुंबन घेतलं. चाळिशीतले दोन पुरुष, ज्यांनी आयुष्यभर एकमेकांच्या शेजारी उभं राहून मार खाल्ला होता. तो क्षण जगभर फिरला. मला त्यात दिसलं ते जुनंच. सतरा हंगामांत त्या छोट्या माणसावर गडी धावून आला की शेजारचा खेळाडू अर्धं पाऊल त्याच्याकडे सरकून उभा राहायचा. सांगावं लागायचं नाही. रॉबची जिद्द त्याची एकट्याची कधीच नव्हती, तिला धरून उभं राहायची त्या संघाला सवय होती, आणि मदत घेण्यात त्याला स्वतःला कधी कमीपणा वाटला नाही.

२ जून २०२४ला रॉब गेला. एक्केचाळीस वर्षांचा होता. लीड्सच्या सीक्रॉफ्ट रुग्णालयात या आजाराच्या रुग्णांसाठी त्याच्या नावाने केंद्र उभं राहायचं होतं, आणि त्याच्या बांधकामाची पहिली कुदळ नेमकी दुसऱ्या दिवशी, ३ जूनला पडायची होती. कार्यक्रम पुढे ढकलला गेला नाही. घरच्यांचीच तशी इच्छा होती. त्याच आठवड्यात वेम्बलीवर चॅलेंज कपची अंतिम लढत झाली तेव्हा सातव्या मिनिटाला प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

त्या वर्षापासून सुपर लीगच्या अंतिम सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार रॉब बरोच्या नावाने देतात. ऑक्टोबर २०२४मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर विगनने हल किंग्स्टन रोव्हर्सला ९-२ने हरवलं. बचावच बचाव, आवळलेला सामना, दोन्ही भिंती पक्क्या. अख्ख्या सामन्यात ट्राय फक्त एक झाला, तो विगनच्या बेव्हन फ्रेंचचा. अंगाने सडसडीत असलेला हा ऑस्ट्रेलियन खेळाडू फटीतून शिरला, हुलकावणी देत एकट्याने पळत गेला आणि पोचला. रॉब बरोच्या नावाचा पहिला पुरस्कार त्यालाच मिळाला. मी आजोबांना लगेच फोन केला, आणि माझ्याआधी तेच म्हणाले, "पाय पाहिलेस ना धरायला आलेल्यांचे?"